घरी शिकणाऱ्या मुलाचा कला शिबिरातला पहिला दिवस

घरी शिकणारं मूल शिबिरात अडतं ते कलेपाशी नाही, रांगेपाशी; पाळीची वाट बघायची सवयच नसते. आठवडाभर आधी शेजारच्या तीन-चार लेकरांत एकच डफ फिरवून खेळू द्या.

देवीच्या गोंधळात काड्यांनी वाजवतात ते संबळ, म्हणजे चामड्याचं जोडवाद्य, बंद खोलीत कानठळ्या बसवतं, लहानगं दचकून रडतं. त्याला दाराजवळ बसवा. वाजवण्याआधी टोकाला वळवलेली काडी हातात घेऊन बघू द्या, कातड्यावर एकदा हलकेच टेकवू द्या. भीती तिथंच निम्मी होते.

मे महिन्यात मराठवाड्यात पारा ४० अंशांपुढं जातो. लिटरभर पाणी, सुती कपडे, डब्यात धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी. दही नको, आंबतं. पहिल्या दिवशी दोन तासच ठेवा. घ्यायला मात्र वेळेआधी पोचा.