दुष्टचक्र नेमकं कुठे तोडायचं?

झोपेची तक्रार घेऊन येणाऱ्यांना मी आधी कागदावर एक गोल काढायला लावते. झोप लागत नाही म्हणून धास्ती, धास्तीने अंग ताठ म्हणून झोप आणखी दूर, मग भरपाईला दुपारची डुलकी आणि रात्री पुन्हा टक्क डोळे. प्रत्येक बाणावर ‘म्हणून’ लिहा. शेवटचा बाण सुरुवातीला येऊन मिळाला, की चक्र सापडलं.

धास्तीला थेट हात घालू नका. ‘काळजी करू नकोस’ म्हटल्याने कुणाची काळजी गेली आहे? आपल्या हाताने हलणारा दुवा धरा. इथे तो म्हणजे उठण्याची वेळ. रात्र कशीही गेली तरी गजर तोच, डुलकी बंद. वीसेक मिनिटांत झोप आली नाही तर अंथरूण सोडा, डोळे जड झाले की परत या. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ रिचर्ड बूटझिन यांनी १९७२ मध्ये मांडलेली ही पद्धत आजही वापरात आहे.

पहिले दिवस जड जातात. पेंग येत असेल तर गाडी मुळीच चालवू नका. पण साठलेली झोप रात्री कामी येते, धास्ती उतरते, आणि तेच चक्र उलटं फिरू लागतं. तेव्हाही, सुट्टीच्या दिवशीसुद्धा, गजर बदलायचा नाही.