फायटिंग गेम शिकायचाय? आधी मार खायची तयारी ठेवा

शाळेत असताना पार्लरमध्ये एक रुपयाचं कॉइन टाकून किंग ऑफ फायटर्स ९७ हा दोघांच्या मारामारीचा गेम खेळायचो तेव्हा मला वाटायचं आपल्याला हा प्रकार जमतो. जमत काही नव्हतं, चारही बटणं बडवायचो, समोरचाही तेच करायचा, म्हणून कधी कधी जिंकायचो एवढंच. मग मोठेपणी स्ट्रीट फायटर ६ घेतला, आपली रँक ठरवणाऱ्या पहिल्या दहा प्लेसमेंट मॅच खेळलो, त्यातल्या नऊ हरलो आणि दहाव्यात समोरच्याचं नेट गेलं.

हे आधीच सांगतोय कारण बाकी गेममध्ये हरलो की ढकलायला कोणीतरी असतं, टीममेट बिनडोक होता, पत्ते वाईट आले, झोन लांब पडला. इथे तू, तो आणि एक स्क्रीन. शिकायला अवघड जातं ते बोटांमुळे कमी आणि ह्यामुळे जास्त.

आता सुरुवात कशी करायची. एक गेम घ्या आणि एकच कॅरेक्टर घ्या. स्ट्रीट फायटर ६ चा फुकट डेमो आहे, त्यात रियू आणि ल्यूक मिळतात, तेवढ्यावर ठरवता येतं की आपल्याला ह्याचा नाद लागणार का नाही. टेकन ८ पण भारी आहे पण तिथे एकेका कॅरेक्टरच्या मूव्हची यादी बघूनच घाम फुटतो, म्हणून मी पुढचं सगळं स्ट्रीट फायटरचं सांगतो. कॅरेक्टर जो दिसायला आवडेल तो घ्या, "स्ट्राँगेस्ट कॅरेक्टर" वाले व्हिडिओ बघू नका, ती चर्चा आपल्या लेव्हलची नाहीच. महागडी आर्केड स्टिक पण घेऊ नका, घरात जो पॅड आहे तो चालतो, कीबोर्डवर खेळणारे पण आहेत.

मॉडर्न कंट्रोल का क्लासिक हा प्रश्न सगळ्यांना पडतो. क्लासिकमध्ये हाडोकेन (हातातून सुटणारा गोळा) मारायला खाली, तिरकं, पुढे असं फिरवून पंच दाबायचा, मॉडर्नमध्ये एका बटणावर निघतो, पण अशा शॉर्टकटने मारलेल्या स्पेशलचा, म्हणजे खास मूव्हचा, डॅमेज २० टक्के कमी. मॉडर्नवाल्यांना नावं ठेवणारे भेटतील, भेटू द्या. मी क्लासिक खेळतो ते निव्वळ लहानपणीच्या हट्टापायी.

आता सगळ्यात मोठी चूक, जी मीही केली. गेम घेतल्या घेतल्या कॉम्बो, म्हणजे एकाला एक जोडून लागणारे फटके, पाठ करत बसणं. मी दोन आठवडे ट्रेनिंग मोडमध्ये एक लांबलचक कॉम्बो घोटला, आणि मॅचमध्ये तो मारायची वेळच आली नाही कारण पहिला फटका लागायला तर पाहिजे ना! गंमत म्हणजे कॉम्बो हा प्रकारच मुळात ठरवून आलेला नाही, १९९१ च्या स्ट्रीट फायटर २ वर काम चालू असताना लक्षात आलं की गाडी फोडायच्या बोनस राउंडमध्ये एका फटक्याला दुसरा जोडता येतोय, म्हटले कोणाला जमणारे हे, आणि राहू दिलं. तर तुम्ही पण सध्या राहू द्या. तीन फटक्यांचा एक साधा कॉम्बो पुरतो.

त्याऐवजी पहिल्या आठवड्यात एकच काम करा, उड्या मारणाऱ्याला पाडा. खालच्या रँकमध्ये निम्मी जनता बेडकासारखी उड्या मारत अंगावर येते. एक उडी साधारण पाऊण सेकंदाची असते, म्हणजे बघून उत्तर द्यायला वेळ आहे. रियू असेल तर खाली बसून जोरातला पंच, नाहीतर शोर्युकेन, म्हणजे त्याचा वर उसळत मारायचा पंच. ट्रेनिंग मोडमध्ये डमीला (समोर उभ्या सरावाच्या कॅरेक्टरला) दोन गोष्टी रेकॉर्ड करून द्या, एकदा उडी आणि एकदा नुसतं चालत पुढे येणं, दोन्ही रँडम लावा आणि फक्त उडीलाच मारा. रोज दहा मिनिटं. कंटाळवाणं आहे, पण ह्या एका गोष्टीवर मी जेवढ्या मॅच जिंकलो तेवढ्या त्या कॉम्बोवर आजतागायत जिंकलेलो नाही.

ब्लॉकचं पण तसंच. मागे धरलं की ब्लॉक होतो, पण सवयीने खाली-मागे धरून बसायचं, कारण पायावरचा फटका उभं राहून ब्लॉक होत नाही, आणि वरून उडी आली की तेवढ्यापुरतं उभं राहायचं. आणि खाली पडून उठताना बटण दाबायचं नाही! मला हे कळायला महिना लागला. पडलो की राग यायचा, राग आला की बटण दाबलं जायचं, आणि समोरचा तेवढ्यासाठीच उभा असायचा.

थोडं फ्रेमबद्दल, कारण हा शब्द ऐकून लोक पळून जातात. गेम सेकंदाला ६० फ्रेमवर चालतो, बस, वेळ मोजायचं एक माप आहे ते. सगळ्यात झटपट फटका ४ फ्रेममध्ये लागतो, थ्रो (जवळून पकडून आपटणं) ५ मध्ये, आणि तो रंग उधळत येणारा जोरदार फटका, ड्राइव्ह इम्पॅक्ट, २६ मध्ये. माणसाला बघून बटण दाबायला साधारण पाव सेकंद म्हणजे १५ एक फ्रेम लागतात. म्हणजे इम्पॅक्ट बघून उलटा इम्पॅक्ट मारता येतो, पण थ्रो बघून सोडवणं माणसाच्या हातात नाही, तो ओळखावा लागतो. "आमचे रिफ्लेक्स आता राहिले नाहीत" म्हणणाऱ्यांना मी एवढंच सांगतो की २०२३ मध्ये हांगझोऊच्या एशियन गेम्समध्ये स्ट्रीट फायटर ५ चं सोनं कोरियाच्या किम ग्वान-वूने घेतलं तेव्हा तो ४४ वर्षांचा होता.

ओळखायचं म्हणजे काय? फटका थ्रोला मारतो, थ्रो ब्लॉकला मारतो, ब्लॉक फटक्याला अडवतो, एवढाच खेळ, फरक इतकाच की समोरचा तुमच्या सवयी बघत असतो आणि तुम्ही त्याच्या. लांबून खेळताना तर थेट कबड्डी आहे. रेडर आत येऊन लगेच झेप घेत नाही, पाय टाकतो, मागे घेतो, कोपऱ्यातला पण पकडीला जाऊ का नको करत असतो, आणि जो आधी घाई करतो तो बाहेर बसतो. इथे पण पुढे-मागे चालत समोरच्याला नुसत्या हवेला फटका मारायला लावायचं आणि तो हुकला की आपला लावायचा. ह्याला फुटसीज म्हणतात, आणि हे ट्रेनिंग मोडमध्ये शिकताच येत नाही, माणसंच लागतात.

माणसं म्हटलं की नेट आलं. वायफाय नको, लॅनची वायर लावा, समोरचा वायफायवर असेल तर तेही चिन्हावरून दिसतं. आजकालच्या गेममध्ये रोलबॅक असतो, म्हणजे समोरच्याचं बटण पोचायच्या आधी गेम अंदाज बांधून पुढे चालतो आणि अंदाज चुकला तर मागे जाऊन दुरुस्त करतो. त्यामुळे लांबच्या माणसाशी पण बरंच नीट खेळता येतं, पण सिग्नल डळमळीत असेल तर कॅरेक्टर उड्या मारल्यासारखी इकडची तिकडे दिसतात, आणि तिथे हरलात तर ती मॅच डोक्यातून काढून टाका.

बाकीच्या हरलेल्या मॅच मात्र टाकायच्या नाहीत. रात्री एक, फक्त एक, रिप्ले बघायचा आणि एकच प्रश्न विचारायचा, मी सगळ्यात जास्त वेळा कशाने मेलो. होंडा नावाचा कॅरेक्टर डोकं पुढे करून उडत येतो त्याने मेलो? मग ट्रेनिंगमध्ये डमीला होंडा करा, तोच मूव्ह रेकॉर्ड करा, आणि ब्लॉक केल्यावर आपलं काय लागतंय ते बघा. "हा चीप आहे" म्हणून मोकळं व्हायला मजा येते, मी पण म्हणतो, पण म्हणून झालं की डमी लावतो. टेकन ८ मध्ये तर स्वतःचा रिप्ले मधेच थांबवून तिथून पुढे खेळून बघता येतं.

एका वेळी तासभर पुरे. लागोपाठ तीन हरलात की उठा, पाणी प्या. चौथी मॅच रागाने खेळली जाते, पाचवी त्याहून वाईट.

एवढं सगळं कशाला करायचं असं बायकोने पण विचारलंय. मी तिला २००४ च्या इव्होची, म्हणजे फायटिंग गेमच्या मोठ्या स्पर्धेची, क्लिप दाखवली, डायगो नावाच्या खेळाडूचा केन एका फटक्यात मरेल एवढाच जीव उरलेला, जस्टिन वाँगची चुन-ली सुपर, म्हणजे तिचा सगळ्यात मोठा मूव्ह, मारते, आणि हा एकामागोमाग एक सगळे पंधरा फटके पॅरी करून (नेमक्या क्षणी अडवून) उलटा तिलाच पाडतो. ती म्हणाली, लोक एवढे का ओरडतायत? समजावता नाही आलं. किंवा लाहोरचा अर्सलान ॲश घ्या, २०१९ मध्ये आधी इव्हो जपान आणि मग लास वेगासचा इव्हो, दोन्हीकडे टेकन ७ जिंकला, तोवर पाकिस्तानकडे कोणी बघतही नव्हतं.

माझं स्वतःचं एवढंच आहे की मागच्या आठवड्यात एक केन भेटला, सारखा उडत येत होता, मी सलग चार वेळा पाडला, आणि पाचव्या वेळी तो उडालाच नाही. उभा राहिला. म्हणजे समोरच्या माणसाने माझ्यामुळे विचार बदलला, हे मला पहिल्यांदा डोळ्यांनी दिसलं, आणि मी इतका खूष झालो की तो आरामात चालत आला, मला थ्रो केलं, उठताना मी बटण दाबलं, आणि मॅच गेली. रिमॅच लगेच दाबला.