वड्याचं तेल वांग्यावर निघायच्या आधी

ऐरोलीहून सुटलो, ट्रान्स हार्बर लोकलला लटकत ठाण्याला उतरलो, मग कासारवडवलीपर्यंत घोडबंदर रोडचं ट्रॅफिक, घरी पोचेपर्यंत डोकं तापलेलं आणि पोरीच्या हातून दूध सांडलं. मी एवढ्या जोरात ओरडलो की ती गप्प बसून राहिली, जेवलीच नाही नीट. राग बॉसचा, ट्रॅफिकचा आणि निघाला सात वर्षांच्या पोरीवर. त्यानंतर मी जे शिकलो ते लिहितोय.

आधी राग लवकर ओळखायला शिका. माझी कानशिलं तापतात, बायकोचा आवाज एकदम बारीक होतो, कोणाचे दात आवळले जातात, प्रत्येकाचं वेगळं असतं. ते कळलं की तिथेच थांबायचं, कारण पारा पूर्ण चढल्यावर कुठलीच युक्ती आठवत नाही.

मग श्वास. नाकाने चार आकडे मोजत आत, सहा-सात मोजत बाहेर, असं दहा वेळा, दोन मिनिटंही लागत नाहीत. बाहेर सोडणं लांबवायचं हे महत्त्वाचं, श्वास सोडताना हृदयाचे ठोके मंदावतात आणि शरीर शांत झालं की डोकं मागोमाग येतं.

आता एक गैरसमज. "मनातलं बाहेर काढून टाक, उशीला बुक्क्या मार, पळून ये" असं सगळे सांगतात, मीही जिममध्ये पंचिंग बॅग बडवायचो. २०२४ मध्ये १५४ अभ्यास एकत्र तपासले गेले, दहा हजारांवर माणसांचे, त्यात दिसलं की राग उतरतो तो शरीर थंड करणाऱ्या गोष्टींनी, म्हणजे श्वास, ध्यान, योग, स्नायू सैल सोडणं. जॉगिंगने तर उलट वाढतो. रोजचा व्यायाम सोडू नका, तो तब्येतीला हवाच, फक्त भडकलेलं असताना बडवाबडवी नको. मी आता स्टेशनवरून निघून तलावपाळीला, तळ्याकाठी, पंधरा मिनिटं बसतो आणि मगच बस पकडतो.

भांडण घरातच पेटलं असेल तर उठून जा पण सांगून जा, "मला आत्ता राग आलाय, अर्ध्या तासाने बोलू", आणि खरंच परत या. नुसतं दार आपटून गेलात तर समोरच्याला ती शिक्षाच वाटते. त्या अर्ध्या तासात मनात तेच भांडण परत परत खेळवू नका, राग त्यानेच शिजत राहतो.

म्हणून राग गिळायचा का, तर नाही. सोसायटीत कोणी तुमच्या पार्किंगमध्ये गाडी लावतंय तर ते बोलायलाच हवं. ग्रुपवर रात्री अकराला लांबलचक मेसेज टाकू नका, लिहून ठेवा, सकाळी वाचा. मग भेटून सांगा, "गाडी इथे असली की मला ऑफिसला उशीर होतो, काय करूया?" "तुम्ही नेहमीच असं करता" म्हटलं की समोरचा फक्त स्वतःला वाचवायला बघतो.

हात उचलला जात असेल, वस्तू फेकल्या जात असतील, पोरं तुमची चाहूल लागताच गप्प होत असतील तर मदत घ्याच. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर फुकट आहे, चोवीस तास, मराठीतही बोलतात. आपल्याकडे "याला ठाण्याला पाठवा" (म्हणजे तिथल्या मनोरुग्णालयात) म्हणून इतकं चिडवतात की माणसं मानसोपचाराचं नावही काढत नाहीत, आणि त्रास मात्र घरचे सोसतात.

आणि ओरडलातच तर माफी मागा, पोराचीही, "पण तू पण..." न जोडता. मी दुसऱ्या दिवशी मागितली. तिने विचारलं, "मग दूध सांडल्यामुळे नव्हता आला राग?" रात्रभर ती तेच धरून बसली होती.