अपग्रेडच्या आधी: मार्केट यार्डातल्या सर्व्हरची तयारी

सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीचे सौदे आटोपून शेतकऱ्यांच्या पट्ट्या निघाल्या, की मगच मी अडत दुकानातला डेबियन (लिनक्सचा एक प्रकार) सर्व्हर अपग्रेडला घेतो. आधी यूपीएसची बॅटरी बघायची. फायली बदलत असताना लाइट गेली तर पॅकेज अर्धवट राहतं. डेटाबेस आणि ईटीसी फोल्डरचा (सिस्टिमच्या सेटिंग्ज तिथे असतात) बॅकअप दुसऱ्या मशीनवर घ्यायचा. डिस्कवर जागा आहे ना ते पाहायचं, बूटचं पार्टिशन वेगळं असेल तर तिथे खास, कारण जुन्या कर्नलांनी (सिस्टिमच्या गाभ्याच्या जुन्या आवृत्त्यांनी) ते भरलेलं असतं. मागचं काही अर्धवट असेल तर डीपीकेजीचं, म्हणजे डेबियनवर पॅकेजेस बसवणाऱ्या प्रोग्रॅमचं, ऑडिट सांगतं. ते आधी निस्तरायचं. काम टीमक्स या टर्मिनल प्रोग्रॅममध्येच सुरू करायचं, म्हणजे नेट तुटलं तरी अपग्रेड चालू राहतं.

एखादी सिस्टिम फाइल हाताने बदलायची असेल तर मात्र सावकाश. सीपी ही कॉपीची कमांड वापरून चालू लायब्ररीवर (अनेक प्रोग्रॅम मिळून वापरतात त्या कोडच्या फाइलवर) नवी कधीच ओतू नका. सीपी तीच फाइल रिकामी करून तिच्यातच लिहितो, आणि ती वापरणारे प्रोग्रॅम तिथल्या तिथे कोसळू शकतात. मी एकदा हे केलं होतं. बिलिंग बंद पडलं आणि लोक पट्टीसाठी ताटकळले. डीपीकेजी काय करतो बघा: नवी फाइल जुनीच्या शेजारी वेगळ्या नावाने उतरवतो, ती डिस्कवर पक्की लिहून घेतो आणि मगच नाव बदलतो. नावाची ही अदलाबदल एका झटक्यात होते. त्या क्षणी कुणी फाइल उघडली तर त्याला अख्खी जुनी मिळते किंवा अख्खी नवी, अर्धी कधीच नाही. आपणही तेच करायचं. नवी प्रत त्याच फोल्डरमध्ये ठेवायची, मालक आणि परवानग्या जुळवायच्या, मग एमव्ही कमांडने नाव बदलायचं. टेंप या तात्पुरत्या फायलींच्या फोल्डरमधून आणू नका. ते दुसऱ्या पार्टिशनवर असेल तर एमव्ही आतून कॉपीच करतो, एका झटक्यात नाव बदलत नाही.

पॅकेजची फाइल कायमची बदलायची असेल तर डीपीकेजी-डायव्हर्ट (पॅकेजची प्रत दुसऱ्या नावाकडे वळवणारी कमांड) लावा, नाहीतर पुढचं अपग्रेड ती पुसून टाकेल. अपग्रेडमध्ये कॉन्फिगबद्दल (सेटिंग्जच्या फाइलबद्दल) विचारणा झाली की आधी जुन्या-नव्यातला फरक वाचायचा, घाईत वाय (म्हणजे नवी घ्या) दाबायचं नाही.

अपग्रेड झालं तरी चालू सेवा जुनीच लायब्ररी धरून बसलेल्या असतात. कुणाला रीस्टार्ट हवा ते नीडरीस्टार्ट हा प्रोग्रॅम सांगतो. एसएसएच (दुरून लॉगिन करायची सेवा) रीस्टार्ट करण्याआधी त्याची कॉन्फिग तपासा, आणि दुसऱ्या खिडकीतून लॉगिन होईपर्यंत पहिली बंद करू नका. मग दुकानातल्या प्रिंटरवर एक पट्टी छापून बघायची.