युद्धाआधीची रोल्स-रॉइस घ्यायचीय? आधी तिच्या बॉडीचं मूळ शोधा

जुनी रोल्स-रॉइस बघायला गेलेला माणूस पहिल्यांदा बॉनेटवरची मूर्ती बघतो, मग पेंट, मग आतलं लेदर, आणि तिथेच गाडी मनात विकत घेऊन मोकळा होतो. मी पण तेच करायचो. पण या गाड्यांची एक गोष्ट डोक्यात पक्की बसली की बघायची पद्धतच बदलते, ती म्हणजे दुसऱ्या महायुद्धाआधी रोल्स-रॉइस पूर्ण गाडी विकतच नव्हती. कंपनी द्यायची चॅसी, म्हणजे फ्रेम, इंजिन, गिअरबॉक्स, चाकं, रेडिएटर, आणि ती चॅसी जायची गिऱ्हाइकाने निवडलेल्या कोचबिल्डरकडे, म्हणजे वरची बॉडी बनवणाऱ्या कारखान्याकडे. हूपर, बार्कर, पार्क वॉर्ड, थ्रप अँड मेबर्ली, गर्नी नटिंग, एच. जे. मुलिनर, विंडोव्हर्स अशी ही मंडळी, त्यातले काही जण मोटारी यायच्या आधीपासून घोडागाड्या बनवणारे. कंपनीची स्वतःची स्टँडर्ड स्टीलची बॉडी असलेली पहिली रोल्स-रॉइस आली थेट १९४९ मध्ये, सिल्व्हर डॉन. त्यामुळे १९३२ ची गाडी तुमच्यासमोर उभी असेल तर तिथे खरं तर दोन वस्तू आहेत, दोन वेगळ्या कारखान्यांतल्या, आणि त्या दोघी पहिल्यापासून एकत्र आहेत का हे शोधणं हेच तुमचं मुख्य काम.

सुरुवात कागदांपासून करा, गाडीपासून नको. चॅसी नंबर फायरवॉलवरच्या, म्हणजे इंजिन आणि बसायची जागा यांच्यामधल्या भिंतीवरच्या, प्लेटवर असतो, फ्रेमवरही ठोकलेला असतो, दोन्ही स्वतः बघा आणि फोटो काढा. इंजिन नंबर वेगळा असतो, तो क्रँककेसवर, म्हणजे इंजिनाच्या खालच्या धातूच्या पेटीवर. २०/२५ या मॉडेलचे चॅसी नंबर इंग्रजी जी अक्षराने सुरू होतात, पहिली सिरीज जीएक्सओ, आणि १३ हा आकडा कंपनी टाळायची, त्यामुळे कुणी १३ नंबरची चॅसी दाखवली तर तिथेच थांबून चौकशी करायची. मग हा नंबर घेऊन रोल्स-रॉइस एन्थुझिअस्ट्स क्लबकडे जायचं, इंग्लंडमध्ये नॉर्थॅम्प्टनशायरमधल्या पॉलर्सपरी गावात हंट हाऊस आहे तिथे फॅक्टरीची जुनी चॅसी कार्डं जपून ठेवलीत आणि पैसे भरून त्यांच्या कॉपी मिळतात.

हे कार्ड म्हणजे मला या सगळ्या छंदातली सगळ्यात आवडती गोष्ट आहे, खरंच सांगतो. पहिला मालक कोण, चॅसी कुठल्या कोचबिल्डरकडे गेली, बॉडी लिमोझिन होती की सलून (बंद छताची) की टुरर (उघडी), स्टिअरिंगचा कॉलम किती तिरका हवा, गाडी शहरात चालणार की लांबच्या प्रवासाला, अशा सगळ्या गोष्टी तिथे लिहिलेल्या असतात. स्प्रिंगसुद्धा बॉडीचं वजन आणि माणसं-सामान किती याचा हिशोब करून लावायचे. आता विचार करा, कार्डावर लिमोझिन लिहिलंय आणि समोर मस्त उघडी टुरर उभी आहे, तर मधे कधीतरी बॉडी बदललीय हे उघड आहे, आणि खाली अजून लिमोझिनच्याच जड स्प्रिंग असतील तर ती हलकी टुरर खड्ड्यातून जाताना दणके देते.

बॉडी बदलणं म्हणजे प्रत्येक वेळी फसवणूक असं नाही हं. त्या काळात लोक जुन्या गाडीवरची आवडती बॉडी उचलून नव्या चॅसीवर बसवायचे, आणि नंतर कितीतरी मोठ्या गाड्यांचा शववाहिनी म्हणून वापर झाला कारण चॅसी मरायलाच तयार नसायची. १९३६ साली एखाद्या चांगल्या कोचबिल्डरने केलेली दुसरी बॉडी हा त्या गाडीचा खरा इतिहास आहे आणि जाणकार तिला मान देतात. पण जड लिमोझिन परवडत नाही, विकली जात नाही म्हणून तिची बॉडी काढून टाकून अलीकडे बनवलेली टुरर बसवली असेल तर ती नवीन बॉडीच, दिसायला कितीही देखणी असो, आणि तिला मूळ टुररचा भाव देऊ नका. विकणारा "पिरियड स्टाईल बॉडी" म्हणाला की विचारा, कुणी बनवली आणि कुठल्या वर्षी.

मूळ बॉडीची खूण कशी शोधायची? दाराच्या उंबऱ्यावर कोचबिल्डरची छोटी पट्टी असते, पण पट्टी कुठूनही आणून लावता येते. त्यापेक्षा सीट काढून खाली, दाराच्या आतल्या पॅडच्या मागे, लाकडी पट्ट्यांच्या पाठीला बघा. कारागीर बॉडी नंबर तिथे ठोकायचे किंवा पेन्सिलने लिहायचे, आणि तोच नंबर तीन-चार ठिकाणी सापडला की जीव भांड्यात पडतो.

आता लाकूड. बाहेरून ॲल्युमिनियमचा पत्रा दिसतो पण आत ॲश लाकडाचा सांगाडा असतो आणि खर्च सगळा तिथे. दार अर्धं उघडून खालून हळूच वर उचला, दार बिजागरीपाशी वर-खाली हललं की खांबाचं लाकूड गेलंय किंवा निदान बिजागरी तरी झिजलीय. विंडस्क्रीनच्या खांबाच्या मुळाशी पेंटला चिरा आहेत का बघा, कार्पेट उचलून उंबऱ्याचं लाकूड नखाने दाबून बघा, कोपऱ्यात बारीक भुगा पडलेला दिसला तर कीड आहे. ॲल्युमिनियम आणि लोखंड जिथे एकमेकांना चिकटतात तिथे ओल गेली की पत्रा फुगतो आणि पांढरी पूड दिसते. एकदा एक सलून बघायला गेलो होतो, पेंट आरशासारखा, विकणाऱ्याने शोरूमच्या बाहेर काढलीच नाही, मी मागचं दार उघडलं तर ते बंदच होईना, दोघांनी मिळून उचलून बसवावं लागलं. ती नाही घेतली. असा सांगाडा दुरुस्त करायचा म्हणजे सगळा पत्रा उतरवायचा, आणि तेवढं काम येणारे सुतार कमी राहिलेत.

इंजिनाचं त्यामानाने सोपं आहे कारण क्लबांमुळे पार्ट मिळतात. २०/२५ ला साधारण ३.७ लिटरचं ६ सिलिंडरचं इंजिन, त्यात पाण्याच्या वाटा गंजाच्या गाळाने तुंबतात आणि हेडला चिरा जातात, म्हणून गाडी थंड असताना तुमच्यासमोर स्टार्ट करायला लावा आणि मग चढावर न्या, टेम्परेचर कुठे जातं ते बघा. ब्रेकला गिअरबॉक्सवरून चालणारा मेकॅनिकल सर्व्हो, म्हणजे पायाचा जोर वाढवणारी यंत्रणा, असतो, हिस्पानो-सुइझा या मोटार कंपनीचं डिझाइन लायसन्सवर घेतलेलं, त्यामुळे गाडी चालण्याच्या वेगाने सरकत असताना ब्रेक कमी वाटला तर घाबरू नका, तो तसाच असतो, वेगात असताना मात्र सरळ आणि जोरात लागला पाहिजे. फँटम ३ हे मॉडेल मात्र पहिली गाडी म्हणून अजिबात नको, व्ही १२ इंजिन, फक्त ७२७ बनल्या, हायड्रॉलिक टॅपेट (व्हॉल्व्ह ढकलणारे, तेलाच्या दाबावर चालणारे पार्ट) इतके नाजूक की तेल जरा घाण झालं तरी त्रास, १९३८ मध्ये कंपनीनेच साधे टॅपेट लावायला सुरुवात केली.

भाव कशाला जास्त मिळतो? मूळची उघडी बॉडी, फँटम २ ची काँटिनेंटल, कूपे, आणि ज्यांच्यामागे मोठी गोष्ट आहे अशा. राजकोटच्या ठाकोरसाहेबांसाठी १९३४ मध्ये थ्रप अँड मेबर्लीने बनवलेली स्टार ऑफ इंडिया फँटम २ काँटिनेंटल हे त्याचं सगळ्यात झगझगीत उदाहरण. मधली काच असलेल्या, ड्रायव्हरने चालवायच्या लिमोझिन सगळ्यात कमी भावात जातात.

मला विचाराल तर पहिल्यांदा घेणाऱ्याने १९३२ नंतरची २०/२५ सलून घ्यावी, मालकाने स्वतः चालवायची, मूळ बॉडीची, कार्डाशी जुळणारी, पेंट जुना आणि लेदर सुरकुतलेलं असलं तरी चालेल. १९३२ पासून तिला तिसऱ्या आणि टॉप गिअरला सिंक्रोमेश आलं, म्हणजे गिअर न खरवडता पडतो, त्यामुळे शिकायला सोपी जाते. आणि ती घेतली की लगेच नवीन पेंट मारायला पाठवू नका, आधी एक वर्ष चालवा, प्रत्येक जुनं बिल आणि लॉगबुक एका फाइलीत लावा, आणि आतल्या लाकडावरचे ते पेन्सिलचे आकडे कुणी सँडपेपरने घासून टाकायच्या आत त्यांचे फोटो काढून ठेवा.