शस्त्रागाराच्या वार्षिक पडताळणीआधी करायची तयारी

पडताळणीची तारीख लागली की बहुतेक युनिटांत पहिली धावपळ सुरू होते ती कोतेच्या, म्हणजे हत्यारं ठेवायच्या खोलीभोवती. कुलपांना तेल, भिंतींना रंग, रॅकवर नव्या चिठ्ठ्या, सीसीटीव्हीवाल्याला फोन. हे सगळं जरूर करा, पण सुरुवात इथून करू नका. सरकारी हत्यार कोतेचं कुलूप फोडून क्वचितच जातं. ते जातं बाहेर, कुणाच्या तरी ताब्यात असताना, पाच मिनिटांच्या गैरसावधपणात. म्हणून तयारीची सुरुवात खोलीबाहेर असलेल्या हत्यारांपासून करा.

हे अंदाजाने म्हणत नाही. अमेरिकेच्या होमलँड सिक्युरिटी खात्याच्या महानिरीक्षकांनी 2010 मध्ये आपल्याच खात्याची हरवलेली हत्यारं तपासली. 2006 ते 2008 या तीन आर्थिक वर्षांत 289 हत्यारं गेली होती. त्यातली 243 सीमाशुल्क-सीमासुरक्षा आणि इमिग्रेशन अंमलबजावणी या दोन विभागांची. या 243 पैकी 179 गेली ती कर्मचाऱ्याने हत्यार नीट सांभाळलं नाही म्हणून. कुणी बोलिंगच्या क्लबात विसरलं, कुणी उपाहारगृहाच्या शौचालयात. एका अधिकाऱ्याने दुकानासमोर इंजिन चालू ठेवून गाडी उभी केली, आत हत्यार तसंच, आणि तो दुकानात असताना गाडीच चोरीला गेली. ही सगळी प्रशिक्षित माणसं होती आणि नियमही त्यांना पाठ होते. तेव्हा नियमांचा कागद पुन्हा एकदा फिरवल्याने भागणार नाही.

पहिलं काम म्हणजे आज कोतेबाहेर असलेल्या प्रत्येक हत्याराची यादी करा आणि प्रत्येकापुढे चार गोष्टी लिहा: कुणाकडे, कोणत्या आदेशाने, कधीपासून, आणि रात्री ते कुठे असतं. चौथा रकाना बहुतेक नोंदवह्यांत नसतो. तो हाताने आखून घ्या, कारण खरी माहिती तिथेच निघते. अंगरक्षक म्हणून नेमलेला जवान साप्ताहिक सुट्टीला गावी जातो तेव्हा पिस्तूल कुठे राहतं? आजारी रजेवर गेलेल्याने जमा केलं का, की घरच्या कपाटात आहे? घरी असेल तर पोरांचा हात पोहोचणार नाही असं कुलूप आहे का, आणि मॅगझीन वेगळं ठेवलंय का? निलंबन, बदली, दीर्घ रजा, रुग्णालय, प्रशिक्षण अशी पाच निमित्तं समोर ठेवून मागच्या वर्षभराचे आदेश चाळा आणि प्रत्येक नावापुढे हत्यार जमा झाल्याची सही शोधा. सही सापडली नाही तर त्याच दिवशी माणसाला हत्यारासह बोलवा. नंबराचा फोटो व्हॉट्सॲपवर मागवून काम उरकू नका. फोटो जुना असू शकतो, दुसऱ्याच हत्याराचा असू शकतो, आणि सरकारी हत्याराचे फोटो फोनाफोनांतून फिरणं हा वेगळाच धोका आहे.

दुसरं काम गाडीचं, आणि यावर मी जरा जास्त थांबणार आहे. जून 2015 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत ब्युरो ऑफ लँड मॅनेजमेंट या अमेरिकी केंद्रीय संस्थेच्या एका रेंजरच्या उभ्या गाडीतून त्याचं सरकारी पिस्तूल चोरीला गेलं. चारच दिवसांनी, 1 जुलैला, त्याच शहराच्या बंदर भागात त्याच पिस्तुलातून सुटलेल्या गोळीने वडिलांसोबत फिरणाऱ्या एका तरुणीचा जीव गेला. नंतर त्या घटनेवरून राजकारण खूप झालं. पण ज्याच्या हाताखाली हत्यारं आहेत त्याने ध्यानात ठेवावं ते एवढंच की चोरी आणि मृत्यू यांत एक आठवडाही नव्हता. पुढच्याच वर्षी कॅलिफोर्नियाने कायदा केला: सोडून गेलेल्या गाडीत पिस्तूल ठेवायचंच असेल तर ते डिकीत किंवा कुलूपबंद पेटीत हवं, आणि तो पोलिसांनाही लागू केला.

तुमच्या युनिटात याची तयारी म्हणजे ज्या गाड्यांतून हत्यारं जातात त्या प्रत्येक गाडीत चॅसीला बोल्टने जखडलेली लोखंडी पेटी आहे का, ते स्वतः जाऊन पाहणं. पेटी हाताने हलवून बघा. नुसती ठेवलेली पेटी चोराला उलट सोयीची पडते. किल्ली चालकाकडे राहते की हत्यारधाऱ्याकडे, तेही विचारा, ती हत्यारधाऱ्याकडेच हवी. चहाला, जेवायला, न्यायालयात साक्षीला थांबल्यावर गाडीजवळ कोण थांबेल, याचं नाव निघण्याआधी ठरलेलं असलं पाहिजे. आणि खासगी गाडीत, पाठीवरच्या सॅकमध्ये सरकारी पिस्तूल ठेवण्याची सवय ज्यांना लागली आहे त्यांच्याशी नाव घेऊन, समोर बसवून बोला. परिपत्रकाने ही सवय सुटत नाही.

निवडणुकीचा किंवा सणाचा बंदोबस्त झाल्यानंतर पडताळणी येत असेल तर तिथलाही हिशेब आधी मिटवा. जवान शाळेच्या वर्गात मुक्काम करतात, ओळीने झोपतात, पहाटे घाईत गाड्या भरतात. परत आल्यावर हत्यारांची अदलाबदल झालेली असते आणि ती कित्येक महिने कुणाच्या लक्षात येत नाही. संख्या बरोबर भरते ना, मग कोण बघतो! म्हणून पथकप्रमुखाची रोजच्या सकाळ-संध्याकाळच्या मोजणीची वही मागून घ्या, आणि मोजणी संख्येने झाली होती की नंबराने, ते पाहा.

आता नोंदवह्यांकडे या. भारतातलं मोठं उदाहरण केरळचं आहे. फेब्रुवारी 2020 मध्ये विधानसभेत मांडलेल्या कॅगच्या अहवालात तिरुवनंतपुरमच्या विशेष सशस्त्र पोलीस बटालियनच्या साठ्यात 5.56 मिमीच्या 25 इन्सास रायफली आणि 12,061 जिवंत काडतुसं कमी असल्याचं आलं. देशभर खळबळ उडाली. त्यानंतर गुन्हे शाखेने 660 रायफलींची प्रत्यक्ष पडताळणी केली. 647 रायफली छावणीत आणून समोर मांडल्या, उरलेल्या 13 मणिपूरमध्ये तैनात तुकडीकडे होत्या. म्हणजे रायफली होत्या, पण कोणती कुठे आहे हे त्या दिवशी नोंदवही सांगू शकली नाही, आणि तेवढ्यावर एका संपूर्ण दलाची अब्रू चव्हाट्यावर आली.

हे टाळायचं तर साठा नोंदवही, वाटप नोंदवही आणि दुसऱ्या युनिटाला दिलेल्या हत्यारांच्या पावत्या अशी तिन्ही कागदं एकाच टेबलावर उघडा. तात्पुरतं दिलेलं हत्यार हा सगळ्यात कच्चा दुवा असतो. तात्पुरतं म्हणून गेलेलं वर्षानुवर्षं तिकडेच राहतं, देणारा निवृत्त होतो, घेणाऱ्याची बदली होते. अशा प्रत्येक हत्यारासाठी समोरच्या युनिटकडून ताज्या तारखेची, नंबरासह ताबापावती मागवा. पत्रं पडताळणीच्या किमान महिनाभर आधी गेली पाहिजेत, कारण उत्तरं हळू येतात. दुरुस्तीला पाठवलेली आणि निर्लेखनाचा, म्हणजे निकामी म्हणून साठ्यातून काढण्याचा प्रस्ताव गेलेली हत्यारंही याच यादीत धरा. निर्लेखन मंजूर होईपर्यंत मोडकं हत्यारसुद्धा साठ्यातच असतं.

प्रत्यक्ष मोजणीची रंगीत तालीम घ्या, आणि ती अशी घ्या. एकाने हत्यार हातात घ्यायचं, आधी ते रिकामं असल्याची, आत गोळी नसल्याची खात्री करायची, मग बॉडीवर कोरलेला नंबर मोठ्याने वाचायचा. दुसऱ्याने तो कोऱ्या कागदावर लिहायचा. छापील यादी या दोघांच्या हाताशी असता कामा नये. यादी समोर असली की डोळा तिच्यातलाच नंबर वाचतो. दस्त्यावर रंगवलेला बट नंबर सोयीसाठी असतो, त्यावर पडताळणी करू नका, कारण दस्ते बदलतात. जुन्या रायफलीवर तेलाचा आणि काजळीचा थर बसून 3 आणि 8 सारखेच दिसायला लागतात, 1 आणि 7 चीही तीच गत. कापडाने पुसा, बॅटरी सरळ न धरता बाजूने तिरपी धरा, म्हणजे खाचेत सावली पडून आकडा उठतो. तरीही शंका राहिली तर ‘अवाचनीय’ असं लिहा आणि आर्मोररला, म्हणजे हत्यारांच्या कारागिराला दाखवा. अंदाजाने आकडा भरू नका. बोल्टवर नंबर असेल तर तोही वाचा. सफाईच्या वेळी बोल्ट एकमेकांचे लागणं फार सहज होतं. कोऱ्या कागदावरची यादी पूर्ण झाल्यावरच छापील यादी काढा आणि तिसऱ्या माणसाकडून दोन्ही ताडून घ्या.

काडतुसांना नुसती मोजणी पुरत नाही. केरळच्याच त्या अहवालात 9 मिमीच्या 250 काडतुसांच्या जागी नकली ठेवल्याचं आढळलं होतं. नग भरत होते, माल तो नव्हता. सीलबंद पेट्यांचं सील, लॉट क्रमांक आणि सील केल्याची तारीख तपासा. उघड्या पेट्यांतला प्रत्येक राऊंड (काडतूस) उलटा करून पुंगळीच्या बुडावरचा ठसा वाचा. खडकीच्या कारखान्याची ‘केएफ’ आणि वरणगावची ‘ओएफव्ही’ ही अक्षरं आपल्याकडे कोते सांभाळणाऱ्यांना ओळखीची आहेत, त्यासोबत सालाचे आकडे असतात. ते लॉटशी जुळतात का, पाहा. सरावाच्या गोळीबाराचा हिशेब वेगळा काढा: दिलेले राऊंड, उडालेले, न उडालेले, जमा झालेल्या पुंगळ्या. गवतात हरवलेल्या पुंगळ्यांची नोंद त्याच दिवशी, मैदानावर असलेल्या अधिकाऱ्याच्या सहीने झालेली असावी. महिन्यांनी लिहिलेल्या खुलाशाला कुणी किंमत देत नाही.

किल्ल्यांचं थोडक्यात: मूळ किल्ली कुणाकडे, दुसरी सीलबंद पाकिटात कुठे, पाकिटावरची सही कुणाची आणि तो अधिकारी अजून इथेच आहे का. कोकणातल्या आणि घाटमाथ्यावरच्या युनिटांनी पावसाळ्यानंतर नोंदवह्यांची पानं एकदा बघावीत, ओल धरून शाई पसरलेली असते.

हत्यारांइतकंच लक्ष बाकीच्या संवेदनशील साहित्याला द्या. होमलँड सिक्युरिटीच्याच 2017 च्या तपासणीत 2014 ते 2016 या आर्थिक वर्षांत 2,142 वस्तू हरवल्याचं निघालं. त्यात हत्यारं 228, पण ओळखीचे बॅज तब्बल 1,889, आणि इमिग्रेशनचे सुरक्षित शिक्के 25. बॅज घेऊन कुणी दारात उभा राहिला तर सामान्य माणूस दार उघडतो. तेव्हा ओळखपत्रं, शिक्के, वायरलेस संच, रात्रीची दुर्बीण, बुलेटप्रूफ जॅकेटच्या आतली पाती हे सगळं नंबराने तपासा. लॅपटॉपच्या बाबतीत एक जास्तीचा रकाना हवा: आत काय आहे. 2007 च्या तपासणीत एफबीआय या अमेरिकी केंद्रीय तपास संस्थेचे 44 महिन्यांत 160 लॅपटॉप गेल्याचं दिसलं. किमान 10 मध्ये संवेदनशील किंवा गोपनीय माहिती होती, आणि 51 मध्ये काय होतं ते खुद्द एफबीआयलाही सांगता आलं नाही. कोणाकडच्या यंत्रात कोणत्या दर्जाची माहिती आहे आणि ते एन्क्रिप्ट केलेलं आहे का, हे आजच लिहून ठेवा. एक मात्र खरं, त्याच एफबीआयच्या 2002 च्या तपासणीत 28 महिन्यांत 354 हत्यारं गेलेली होती, आणि 2007 च्या तपासणीत 44 महिन्यांत 160 हत्यारं. पाठपुरावा केला की फरक पडतो, तो असा.

एवढं करूनही तफावत निघाली तर? तिच्यासाठीही तयार राहा. तफावत दिसली त्याच तासाला लेखी कळवायचं, हे कोतेतल्या प्रत्येकाला आधीच सांगून ठेवा. आणि हेही स्पष्ट सांगा की लगेच कळवणाऱ्याला वरिष्ठ म्हणून तुम्ही पाठीशी घालणार नाही, पण उघड्यावर टाकूनही देणार नाही. भीतीपोटी दोन दिवस शोधाशोध करत गप्प बसणं, दुसऱ्या युनिटातून नग आणून आकडा भरणं, नोंदवहीत मागची तारीख टाकणं, या तीन गोष्टींनी साध्या निष्काळजीपणाचा गुन्हा होतो, आणि चोरीला गेलेलं हत्यार तोवर कुठल्या कुठे पोहोचतं. कळवण्याचा नमुना आधीच छापून घ्या: हत्याराचा प्रकार, बॉडी नंबर, सोबतची मॅगझीन आणि राऊंड, शेवटचं कुणी, कुठे, केव्हा पाहिलं, पोलीस ठाण्यात नोंद केव्हा केली. आणि सर्व नंबरांची सही-शिक्क्याची एक प्रत कोतेबाहेर, दुसऱ्या इमारतीत, दुसऱ्या अधिकाऱ्याच्या ताब्यात ठेवा. रात्री दोन वाजता नंबर सांगायची वेळ आली आणि यादी कुलूपबंद खोलीतच अडकलेली असली तर ती असून उपयोग नाही.