सर्व्हर पडण्याआधी: बॅकएंडवाल्यांची तयारीची यादी

वेबसाइटची सर्व्हरकडची बाजू सांभाळणाऱ्यांनी ही यादी शांत दिवशी वाचायची आहे. साइट बंद आहे, तिघं जण एकाच वेळी ‘काय झालं?’ विचारतायत, अशा वेळी कोणी यादी वाचत नाही. तेव्हा हाताला लागेल ते केलं जातं, आणि हाताला बहुतेक वेळा रीस्टार्ट लागतो. रीस्टार्टने साइट सुरू होते हे खरं, पण पुरावाही धुतला जातो: मेमरी कोणी खाल्ली होती, कुठली क्वेरी अडकली होती, किती कनेक्शनं उघडी होती, यातलं काहीच नंतर सापडत नाही. आणि तोच बिघाड चार दिवसांनी पुन्हा दारात उभा राहतो.

म्हणून पहिलं काम एका छोट्या स्क्रिप्टचं. डिस्क किती भरली आहे, मेमरी किती उरली आहे, कुठल्या प्रोसेस चालू आहेत, डेटाबेसमध्ये आत्ता काय काय चाललं आहे, आणि प्रत्येक लॉगच्या (प्रोग्रामने लिहून ठेवलेल्या नोंदींच्या फाइलच्या) शेवटच्या पाचशे ओळी, हे सगळं तारीख-वेळेच्या नावाच्या एका फोल्डरमध्ये टाकणारी. चालायला अर्धा मिनिट लागावा, जास्त नको. ही आजच लिहा, सर्व्हरवर ठेवा, एकदा चालवून बघा. मग रीस्टार्ट करायला कोणाची ना नाही.

दुसरं काम कागद-पेनाचं. एक रिक्वेस्ट ब्राउझरमधून निघून उत्तर घेऊन परत जाईपर्यंत कुठून कुठून जाते ते काढा: डीएनएस (नावावरून पत्ता सांगणारं), सीडीएन (फाइली जवळच्या सर्व्हरवरून देणारं) असेल तर ते, लोड बॅलन्सर (सर्व्हरांत काम वाटणारा), एनजिनएक्स (रिक्वेस्ट आधी घेऊन पुढे पाठवणारा वेब सर्व्हर), तुमचं अ‍ॅप, कॅशे (झटपट उत्तरांचा तात्पुरता साठा), डेटाबेस, बाहेरच्या सेवा. प्रत्येक चौकोनाशेजारी दोन गोष्टी लिहा: याचा लॉग कुठे आहे, आणि तो बघायची परवानगी कोणाला आहे. हे चित्र मला या यादीतलं सगळ्यात महत्त्वाचं वाटतं, कारण बिघाडाच्या वेळी पहिला प्रश्न ‘काय चुकलं’ हा नसतोच. ही एरर नेमकी कोण बोलतंय, हा असतो.

उदाहरणार्थ ब्राउझरमध्ये दिसणारा ५०२ हा एरर कोड. ही एरर बहुतेक वेळा तुमचं अ‍ॅप देत नाही, त्याच्या पुढे उभा असलेला एनजिनएक्स देतो. त्याचं म्हणणं एवढंच की मागच्याकडून मला धड उत्तर मिळालं नाही: तो मेला असेल, चुकीच्या पोर्टवर ऐकत असेल, किंवा उत्तर देता देता कोसळला असेल. अशा वेळी अ‍ॅपच्या लॉगमध्ये एक अक्षरही नसू शकतं, आणि आपण तिथेच डोळे फोडत बसतो. ५०४ म्हणजे मागचा जिवंत आहे, पण वेळेत बोलला नाही. एनजिनएक्स मागच्याची वाट मुळात ६० सेकंद बघतो. त्यामुळे बरोबर साठाव्या सेकंदाला तुटणारी रिक्वेस्ट दिसली तर ‘कधीतरी होतं’ म्हणून सोडू नका, तो आकडाच पत्ता सांगतोय. ४१३चंही, म्हणजे ‘पाठवलेलं फार मोठं आहे’ या एररचंही, तसंच. फाइल अपलोड होत नाही म्हणून कोड तपासायच्या आधी लक्षात ठेवा की एनजिनएक्सची मुळातली मर्यादा १ एमबी आहे, आणि मागे पीएचपी असेल तर एका फाइलला २ एमबी आणि अख्ख्या पोस्टला ८ एमबी. तीन दारं आहेत, तिन्हींची रुंदी वेगळी. आपल्याकडे यांतले कुठले आकडे बदलले आहेत ते त्याच कागदावर टिपून ठेवा.

कोण बोलतंय हे न कळल्याने सर्वांत जास्त तास कॉर्सवर, म्हणजे एका साइटच्या पानाने दुसऱ्या डोमेनकडून डेटा मागायच्या नियमांवर, वाया जातात. कन्सोलमध्ये लाल ओळ दिसते, मग माणूस हेडरमागून हेडर टाकत सुटतो. कॉर्सची अडवणूक ब्राउझर करतो, सर्व्हर नाही; म्हणूनच तीच रिक्वेस्ट कर्लने, म्हणजे ब्राउझरशिवाय टर्मिनलवरून, पाठवली की मुकाट चालते. पण खरी गंमत पुढे आहे. सर्व्हरवर साधी ५००ची एरर आली आणि एररच्या उत्तराला तुमचं अ‍ॅप कॉर्सचं हेडर लावत नसेल, तर ब्राउझर दाखवतो कॉर्सचीच तक्रार. मूळ चूक असते एखाद्या नल, म्हणजे रिकाम्या, व्हॅल्यूची. तेव्हा तयारी अशी: एररच्या उत्तरांनाही हेडर लागतं का ते आज मुद्दाम एक एरर पाडून बघा, आणि नेहमीच्या चार-पाच रिक्वेस्टच्या कर्ल कमांड एका फाइलमध्ये तयार ठेवा. प्रीफ्लाइटची, म्हणजे खऱ्या रिक्वेस्टआधी ब्राउझर परवानगी विचारायला पाठवतो त्या ऑप्शन्स मेथडच्या रिक्वेस्टची, एक वेगळी ठेवा. कधी कधी लॉगिन तपासणारा मिडलवेअर (रिक्वेस्ट आत सोडण्याआधी चालणारा कोड) तिला ४०१, म्हणजे ‘आधी लॉगिन करा’, देऊन हाकलतो आणि मग सगळंच बंद पडतं.

आता लॉग. लॉग आहेत यावर समाधान मानू नका, ते तुम्हाला तुमच्या अकाउंटवरून आत्ता उघडता येतात का ते बघा. प्रत्येक रिक्वेस्टला एक आयडी द्या आणि तो एनजिनएक्सपासून डेटाबेसच्या क्वेरीपर्यंत सगळीकडे छापा; नाहीतर एकाच सेकंदाला आलेल्या दोनशे ओळींतून आपली ओळ शोधणं म्हणजे गवताच्या गंजीत सुई शोधणं. सगळ्या मशीनची वेळ यूटीसीत, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत, ठेवा. कोडमध्ये एरर पकडणारा ‘कॅच’ लिहून आत काहीच न करणाऱ्या जागा ग्रेप या शोधायच्या कमांडने हुडकून काढा. एरर गिळणारा कोड हा एरर देणाऱ्या कोडपेक्षा वाईट, यावर मी कोणाशीही भांडायला तयार आहे. आणि पासवर्ड, टोकन लॉगमध्ये जात नाहीत ना, हेही याच फेरीत तपासा.

लॉगचा विषय निघाला की डिस्क आलीच. एकदा डिस्क शंभर टक्के भरली म्हणून मी एक प्रचंड लॉग फाइल उडवली, आणि डिस्क तशीच शंभर टक्के. पुन्हा पाहिलं, तरी तेच. फाइलचं नाव गेलं होतं, पण अ‍ॅपने ती उघडी धरून ठेवली होती, आणि प्रोसेस फाइल सोडत नाही तोवर लिनक्स जागा मोकळी करत नाही. अशा नाव गेलेल्या पण उघड्या फाइली एलएसओएफ ही कमांड दाखवते. चालू लॉग डिलीट करायचा नसतो, रिकामा करायचा असतो, हे मी त्या दिवशी शिकलो. याचा एक चुलतभाऊ आहे: डिस्कवर जागा दिसते, तरी ‘जागा नाही’ अशी एरर येते. तेव्हा संपलेले असतात आयनोड, म्हणजे प्रत्येक फाइलला लागणाऱ्या नोंदीच्या जागा, बहुधा सेशनच्या लाखो चिमुकल्या फाइलींमुळे. डीएफ कमांडला ‘आय’चा पर्याय दिला की ते दिसतं. लॉग फिरवण्याची सोय, म्हणजे लॉगरोटेट, लावली आहे का आणि खरंच चालते का, हे आज बघून घ्या. डिस्क ८० टक्के झाली की कोणाला तरी मेल जावा.

‘माझ्या मशीनवर चालतं’ या वाक्याची चेष्टा होते, पण ते बोलणारा बहुतेक वेळा खरं बोलत असतो. मशीन वेगळं आहे, एवढंच. मॅक आणि विंडोज फाइलच्या नावात मोठं-लहान अक्षर सहसा सारखंच धरतात, लिनक्स धरत नाही. त्यामुळे इम्पोर्टमधलं एक कॅपिटल अक्षर सर्व्हरवर मॉड्यूल ‘सापडत नाही’ असं करून टाकतं. विंडोजवर सेव्ह केलेल्या स्क्रिप्टच्या ओळीअखेरीला एक न दिसणारं जास्तीचं चिन्ह असतं, आणि लिनक्स ‘असा इंटरप्रिटर नाही’ म्हणून हात झटकतो. कंटेनरच्या, म्हणजे स्वतःचं वेगळं नेटवर्क असलेल्या बंद डब्याच्या, आत अ‍ॅप फक्त लोकलहोस्टवर, म्हणजे स्वतःच्याच आतल्या पत्त्यावर, ऐकत असेल तर बाहेरून कोणी कितीही हाका मारल्या तरी त्याला ऐकू जात नाही. सर्व्हरवर जावास्क्रिप्ट चालवणाऱ्या नोडची १७वी आवृत्ती २०२१ साली आली तेव्हा लोकलहोस्टचा अर्थच अनेकांसाठी बदलला: नोडने आयपीव्ही४ला, म्हणजे जुन्या पद्धतीच्या पत्त्याला, आधी घेणं सोडून दिलं, आणि कालपर्यंत जोडला जाणारा डेटाबेस ‘कनेक्शन नाकारलं’ म्हणू लागला. उपाय साधा, नावाऐवजी १२७.०.०.१ लिहा, पण हे माहीत नसताना अख्खी दुपार जाते. लॉक फाइल (पॅकेजच्या नेमक्या आवृत्त्यांची यादी) गिटमध्ये आहे ना आणि सर्व्हरवर तिच्यातूनच पॅकेज बसतात ना, एवढं पाहिलं की निम्मी भुतं पळतात. उरलेली एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये, म्हणजे कोडबाहेर मशीनवर ठेवलेल्या सेटिंगमध्ये, राहतात. अ‍ॅप सुरू होतानाच हवी ती सगळी व्हेरिएबल आहेत का ते तपासू द्या, आणि एखादं नसेल तर नाव घेऊन मरू द्या. आठवड्याने पेमेंटच्या पानावर मरण्यापेक्षा ते बरं.

डेटाबेसपाशी जरा जास्त वेळ काढा. आधी एक गुणाकार करा: अ‍ॅपच्या किती प्रोसेस चालतात, आणि प्रत्येकीचा कनेक्शन पूल, म्हणजे उघड्या ठेवलेल्या कनेक्शनांचा साठा, केवढा आहे. ८ प्रोसेस आणि २०चा पूल म्हणजे १६०. पोस्टग्रेस मुळात १०० कनेक्शनं देतो, मायएसक्यूएल १५१. आकडा ओलांडला की पोस्टग्रेस ‘सॉरी’ म्हणून, अगदी नम्रपणे, दार लावतो. त्या शंभरातल्या ३ जागा तो सुपरयूजरसाठी राखून ठेवतो, म्हणजे अडचणीच्या वेळी तुम्हाला तरी आत जाता यावं. पण अ‍ॅपच सुपरयूजर म्हणून जोडलं असेल तर त्या जागाही तेच खाऊन टाकतं आणि मालक दाराबाहेर उभा. अ‍ॅपचा डेटाबेस यूजर कोण आहे, हे आज बघा.

मग संथ क्वेरींचा लॉग. मायएसक्यूएलमध्ये तो मुळात बंद असतो, आणि नुसता चालू केला तरी १० सेकंदांवरच्याच क्वेरी टिपतो; वेबसाठी हा आकडा निरुपयोगी आहे, १ सेकंद किंवा त्याहून खाली आणा. पोस्टग्रेसमध्येही ही नोंद आपणच चालू करावी लागते. तुमच्या चाचणीच्या टेबलात पन्नास ओळी असतील तर तिथे कुठलीच क्वेरी संथ नसते, इंडेक्स असो वा नसो. एकदा तरी खऱ्या आकाराच्या टेबलावर एक्सप्लेन, म्हणजे क्वेरी कशी चालते ते दाखवणारी कमांड, चालवून बघा, आणि एका पानाला किती क्वेरी जातात ते मोजा. शंभर ऑर्डरींची यादी दाखवायला एकशे एक क्वेरी जात असतील तर ओआरएमने (कोडमधून आपोआप क्वेरी बनवणाऱ्या लायब्ररीने) लूपमध्ये एकेक ग्राहक आणलाय.

अक्षरांचा घोळ आपल्या भाषेत लिहिणाऱ्यांना खास फसवतो. मायएसक्यूएलमधलं जुनं ‘यूटीएफ८’ एका चिन्हाला जास्तीत जास्त ३ बाइट देतं. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह बरोबर ३ बाइटांत बसतं, त्यामुळे मराठी मजकूर झकास साठतो, आपण निर्धास्त होतो, आणि कोणीतरी अभिप्रायात एक इमोजी टाकतो. बहुतेक इमोजींना ४ बाइट लागतात. कडक मोड असेल तर एरर, नसेल तर मजकूर तिथेच छाटला जातो. हवं असतं ‘यूटीएफ८एमबी४’. मायएसक्यूएल ८.०पासून तेच मुळात मिळतं, पण जुनी टेबलं आपोआप बदलत नाहीत आणि कनेक्शनचा कॅरेक्टर सेट वेगळा बघावा लागतो.

बाकीच्या काही गोष्टी भराभर. प्रोसेस १३७ क्रमांकाने संपली तर तिला ९ क्रमांकाचा सिग्नल मिळाला आहे, आणि मारेकरी बहुधा मेमरी संपल्यावर जागा होणारा कर्नल. तो आपलं कृत्य कर्नलच्या लॉगमध्ये लिहून ठेवतो, तिथे बघा. ‘टू मेनी ओपन फाइल्स’ आली तर मर्यादा तपासा, ती बऱ्याच ठिकाणी १०२४ असते आणि सॉकेटही त्यातच मोजले जातात. क्रॉनमध्ये, म्हणजे ठरल्या वेळी कामं चालवणाऱ्या सोयीत, न चालणारी स्क्रिप्ट हातानं चालते, कारण क्रॉनचा पाथ (कमांड शोधायच्या फोल्डरांची यादी) तोकडा असतो. लेट्स एन्क्रिप्ट या मोफत सेवेचं एचटीटीपीएससाठीचं सर्टिफिकेट थोड्याच काळाचं असतं. नूतनीकरण आपोआप होतं, पण नवं सर्टिफिकेट वापरायला एनजिनएक्स रीलोड होतो का, ते पाहिलंत?

काल चालत होतं आणि आज चालत नाही, तर मध्ये काय बदललं याची नोंद हवी: कोणता कमिट कधी गेला, कोणी सेटिंग हलवलं. नोंद नसेल तर दरवेळी निम्मे कमिट बाद करत जाणारा गिट बायसेक्ट आहे. हजार कमिटमधला दोषी तो दहाएक पायऱ्यांत पकडून देतो, अट एवढीच की प्रत्येक कमिट चालवून बघता आला पाहिजे. मागे जाण्याची तालीमही करून ठेवा. कोड मागे जातो, डेटाबेस जात नाही. नव्या डिप्लॉयने कॉलम उडवला असेल तर जुना कोड परत आणूनही तो कॉलम शोधत मरेल. म्हणून कॉलम उडवणं नेहमी पुढच्या फेरीत.

बॅकअपबद्दल एकच सांगतो. ३१ जानेवारी २०१७ला गिटलॅब या कोड साठवणाऱ्या सेवेच्या एका इंजिनिअरने चुकीच्या सर्व्हरवर डेटाबेसची डिरेक्टरी उडवली, आणि मग कळलं की बॅकअपच्या अनेक सोयींपैकी बहुतेक चालतच नव्हत्या. सुमारे सहा तासांचा डेटा गेला. त्यांनी हे सगळं स्वतःच जाहीर केलं, हे कौतुकाचं. तुम्ही दोन गोष्टी करा: बॅकअप दुसऱ्या मशीनवर प्रत्यक्ष परत उभा करून किती वेळ लागतो ते मोजा, आणि प्रॉडक्शनच्या टर्मिनलचा रंग लाल करा.

शेवटी, हे सगळं लिहिलेलं पान, डोमेन कोणाच्या नावावर आहे आणि होस्टिंगचा पासवर्ड कोणाकडे आहे या ओळींसकट, छापून टेबलाच्या खणात ठेवा. टीमचं विकी त्याच सर्व्हरवर चालतं.